सेव्हिलचा शनिवार-रविवार: रंगीत फरशीचा माग काढत शहर कसं पाहावं

युरोपात शिकायला आलेल्या मराठी मुलांचा स्पेनचा पहिला बेत बहुधा बार्सिलोनाचा असतो. त्यात गैर काही नाही. पण हाताशी फक्त शुक्रवारची रात्र ते रविवारची संध्याकाळ असेल आणि खरोखर कला-वास्तू पाहायची असेल, तर मी सेव्हिल सुचवेन. जुनं शहर पायी फिरण्याजोगं आहे. मशिदीचा मिनार, मुस्लिम कारागिरांनी ख्रिस्ती राजासाठी बांधलेला राजवाडा, गॉथिक कॅथेड्रल, मुरिलोची चित्रं, १९२९ च्या प्रदर्शनाचा भव्य चौक आणि २०११ मधला लाकडी मांडव, एवढं सगळं दोन दिवसांच्या चालण्यात येतं. तिकिटावर, पाटीवर 'Sevilla' दिसलं किंवा 'सेव्हिया' असा उच्चार ऐकू आला तर ते हेच शहर.

माझा आग्रह एवढाच, की यादी घेऊन पळू नका. एक धागा पकडा. सेव्हिलमध्ये तो धागा म्हणजे झिलई दिलेली मातीची रंगीत फरशी, स्पॅनिशमध्ये 'आसुलेखो'. राजवाड्यात, चर्चमध्ये, वाड्यांच्या अंगणात, जिन्याच्या पायरीवर, खानावळीच्या भिंतीवर, सगळीकडे ती आहे. छतावरची चित्रं मान मोडून पाहावी लागतात. फरशी मात्र कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर असते, जवळ जाऊन निरखता येते. आणि ती कशी बनवली हे ओळखता आलं की भिंतीचा काळही साधारण सांगता येतो.

पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतली निळी-पांढरी चित्रं किंवा फोंतेन्यातल्या घरांवरच्या नावाच्या फरशा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना इथे ओळखीचं काही भेटेल. गोव्यात ती कला पोर्तुगालमधून आली आणि पोर्तुगालच्या राजाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंत्राच्या राजवाड्यासाठी फरशा मागवल्या त्या सेव्हिलहून.

जाण्याआधी: कागदपत्रं, तारीख, तिकिटं

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स अशा शेंगेन देशाचा वैध रहिवासी परवाना असेल तर भारतीय पासपोर्टवर स्पेनसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. मात्र परवान्याच्या कार्डासोबत मूळ पासपोर्ट हवाच. फोनमधला फोटो चालत नाही, हॉस्टेलवाले नोंदणीला पासपोर्ट मागतात. ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये शिकत असाल तर शेंगेन व्हिसा काढावा लागेल आणि त्याला काही आठवडे हाताशी ठेवावे लागतील. तिथे असाल तर विमानाचं स्वस्त तिकीट पाहून बेत ठरवू नका, आधी व्हिसाची तारीख पाहा.

थेट विमान महाग पडत असेल तर माद्रिदपर्यंत विमान आणि तिथून वेगवान रेल्वे असाही मार्ग आहे, साधारण अडीच तासांचा. स्पेनची पहिली वेगवान रेल्वे १९९२ मध्ये याच मार्गावर सुरू झाली. तिकिटं लवकर काढली तर स्वस्त पडतात. उतरता ते सांता हुस्ता स्थानक क्रूस आणि ऑर्तीस या सेव्हिलच्याच वास्तुविशारदांचं आहे. साधी विटेची भिंत आणि फलाटांवर उतरत जाणारी कमानदार छपरं बघत बघतच बाहेर पडा.

काळ निवडताना मार्च ते मेचा मध्य किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारभर शहर दारं लावून बसतं. विदर्भातल्या माणसाला ऊन नवीन नाही, पण दोन दिवसांतल्या दोन्ही दुपारी वाया घालवणं परवडणारं नाही. ईस्टरचा पवित्र सप्ताह आणि त्यानंतरची एप्रिलची जत्रा हे दोन्ही सोहळे जन्मात एकदा पाहावेत असेच आहेत. पण त्या दिवसांत खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात आणि रस्ते मिरवणुकांनी बंद असतात. वास्तू पाहायला ते दिवस नकोत.

तिकिटं तीनच महत्त्वाची: अल्काझार राजवाडा, कॅथेड्रल, कासा दे पिलातोस. अल्काझारचं तिकीट नावाने आणि वेळेने निघतं, शनिवारची सकाळ आठवडे आधी भरते. दोन-तीन आठवडे आधी काढा, अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोधात सगळ्यात वर येणारे बरेच दुवे दलालांचे असतात आणि तेच तिकीट जादा दराने विकतात. विद्यार्थ्यांना चांगली सवलत आहे, तिला वयाची अट आहे. विद्यापीठाचं छायाचित्र असलेलं ओळखपत्र आणि पासपोर्ट दोन्ही दारावर दाखवावे लागतात. अल्काझारच्या वरच्या मजल्यावरच्या राजनिवासाचं तिकीट वेगळं असतं आणि त्यात थोड्याच लोकांना सोडतात. परवडत असेल तर घ्याच, कारण पुढे सांगतो.

राहायला सांता क्रूस हा जुना ज्यू मोहल्ला गोंडस आहे, पण महाग. एन्कार्नासिऑन चौक किंवा आलामेदाच्या आसपास हॉस्टेल पाहा. तिथून कॅथेड्रल पंधरा-वीस मिनिटं चालत आहे.

सोबत एक छोटी वही, पेन्सिल आणि जमलं तर लहान दुर्बीण घ्या. कॅथेड्रलच्या वेदीमागचं कोरीवकाम आणि राजवाड्याचं छत दुर्बिणीशिवाय नीट दिसत नाही.

निघण्याआधीचा एक तास: चार प्रकारची फरशी ओळखायला शिका

हा भाग विमानात बसून वाचलात तरी चालेल, पण वगळू नका.

पहिला प्रकार 'आलिकातादो', सगळ्यात जुना. एकाच रंगाची झिलई दिलेले मातीचे तक्ते भाजायचे, मग त्यातून चांदण्या, पट्ट्या, चौकोन असे तुकडे टोकदार हातोडीने आणि चिमट्याने तासून काढायचे आणि ते तुकडे जुळवून भिंत भरायची. ओळखायची खूण: प्रत्येक रंगाभोवती सांधा असतो. काळा तुकडा पूर्ण काळा, हिरवा पूर्ण हिरवा. एकाच तुकड्यावर दोन रंग दिसले तर तो आलिकातादो नव्हे. हे काम अतिशय वेळखाऊ, म्हणून ते राजाच्याच भिंतीला शोभायचं.

दुसरा 'कुएर्दा सेका'. आता एकाच फरशीवर अनेक रंग हवे होते, पण भट्टीत झिलई वितळली की रंग एकमेकांत मिसळतात. त्यावर कारागिरांनी तोड काढली: मँगनीज आणि तेलकट पदार्थ यांच्या मिश्रणाने नक्षीच्या रेषा काढायच्या. तेलामुळे पाण्यात कालवलेली झिलई रेषा ओलांडत नाही. भाजल्यावर तेल जळून जातं आणि रंगांच्या मधे एक काळपट, कोरडी, किंचित खोल रेष उरते. ती रेष हीच खूण.

तिसरा 'आरिस्ता', म्हणजे कडेचा. लाकडी साच्यात पेढा दाबावा तशी ओली माती नक्षीच्या साच्यात दाबायची. मातीवर बारीक कडा उठतात, त्या कडांच्या मधल्या खळग्यांत रंग भरायचे. पंधराव्या शतकाच्या शेवटी आणि सोळाव्या शतकात सेव्हिलने हे तंत्र प्रचंड प्रमाणावर वापरलं, कारण काम झटपट आणि स्वस्त होत होतं. ओळखायला भिंतीच्या बाजूला उभे राहून तिरप्या उजेडात पाहा, कडा चमकतात. हात लावायचा नाही, गरजही नाही.

चौथा, सपाट फरशीवर कुंचल्याने रंगवलेला. ही पद्धत इटलीहून निकुलोसो पिसानो या कारागिराने साधारण १५०० च्या सुमारास सेव्हिलमध्ये आणली. कथिल मिसळलेल्या पांढऱ्या झिलईवर थेट चित्र काढायचं. खूण सोपी आहे: चित्र फरशीच्या सांध्याला जुमानत नाही. एखाद्या संताचं नाक अर्धं या फरशीवर, अर्धं त्या फरशीवर.

वहीच्या पहिल्या पानावर या चार खुणा लिहून ठेवा.

शुक्रवार रात्र

विमानतळावरून 'ईए' नावाची बस शहरात येते, सांता हुस्ता स्थानकावरून जाऊन प्लाझा दे आर्मासला थांबते. टॅक्सीची गरज नाही. सामान टाका आणि कॅथेड्रलपर्यंत चालत जा. रात्री हिराल्दा मनोऱ्यावर दिवे असतात आणि चौकात गर्दी कमी असते.

मनोऱ्याच्या पायथ्याशी जाऊन कोपऱ्यातले दगड पाहा. वर सगळं विटेचं काम असलं तरी खाली मोठे दगड आहेत. त्यांतले काही रोमन काळातले आहेत आणि त्यांच्यावर कोरलेली लॅटिन अक्षरं अजून वाचता येतात. बाराव्या शतकातल्या बांधकाम करणाऱ्यांनी हाताशी होता तो पक्का दगड पायासाठी वापरला. शहराचा स्वभाव कळायला हा कोपरा पुरेसा आहे आणि तो पाहायला तिकीट लागत नाही.

शनिवार सकाळ: अल्काझार, किमान तीन तास

दिवसातलं पहिलं तिकीट घ्या. दार उघडल्यावर बहुतेक लोक पहिल्या अंगणात फोटो काढत रेंगाळतात. तुम्ही सरळ समोरच्या भव्य दर्शनी भिंतीकडे जा. हा पेद्रो पहिला या कास्तिलच्या राजाचा महाल. काम १३६४ मधलं. सेव्हिल १२४८ मध्येच ख्रिस्ती राजाच्या ताब्यात आलं होतं, म्हणजे हा महाल त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी बांधलेला आहे. तरीही तो पूर्ण इस्लामी शैलीत आहे. स्थानिक कारागीर होते, तोलेदोहून आले होते, ग्रानादाहूनही आले होते. या शैलीला 'मुदेखार' म्हणतात.

दर्शनी भिंतीच्या वरच्या भागावर दुर्बीण लावा. कडेने गॉथिक अक्षरांत राजा पेद्रोने हा महाल बांधवला असं लिहिलं आहे. त्याच चौकटीच्या आत निळ्या-पांढऱ्या फरशीच्या पट्ट्यात, भूमितीय नक्षी भासावी अशी अरबी अक्षरं आहेत: 'अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही.' हे ग्रानादाच्या सुलतानांचं ब्रीदवाक्य. ख्रिस्ती राजाच्या दारावर ते मानाने बसवलेलं आहे. पेद्रो आणि ग्रानादाचा पाचवा मुहम्मद यांची मैत्री होती, हे लक्षात घेतलं की ते कोडं वाटत नाही.

आत 'दोन्सेयास' अंगणात आलात की थांबा. इथे घाई करायची नाही. भिंतींच्या खालच्या भागावर आलिकातादो आहे. एक चौरस हात जागा निवडा आणि वहीत उतरवायचा प्रयत्न करा. आधी चांदणीचा मध्य शोधा, मग तिच्या टोकांतून निघणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या कुठे जातात ते बोटाने हवेत गिरवत पाहा. एखादी पट्टी दुसरीच्या वरून जाते, पुढच्या छेदाला खालून. विणकाम केल्यासारखा भास होतो, पण प्रत्यक्षात प्रत्येक छेदाला पट्टीचा वेगळा तुकडा कापून बसवलेला आहे. वीस मिनिटं इथे द्या. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल. उतरवताना जे दिसतं ते फोटोत दिसत नाही.

अंगणातली खोल बाग मात्र दीर्घकाळ कुणी पाहिली नव्हती. सोळाव्या शतकात ती भरून वर संगमरवर घातला गेला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या उत्खननात ती सापडली आणि पुन्हा उघडली.

तिथून राजदूतांच्या दालनात जा आणि लाकडी घुमट पाहा, तो १४२७ मधला आहे, दिएगो रुइस या कारागिराचा. जमिनीपासून छतापर्यंत क्रम पाहा: खाली फरशी, मधे गिलाव्यातली कोरीव नक्षी, वर लाकूड. जिथे अंग घासतं, पाणी उडतं तिथे झिलईची टिकाऊ फरशी आणि जिथे हात पोचत नाही तिथे नाजूक गिलावा. शोभेमागे असा व्यवहार आहे.

पुढे गॉथिक महालात पाचव्या चार्ल्सची दालनं लागतात. इथल्या पिवळ्या-निळ्या फरशा क्रिस्तोबाल दे आउगुस्ताच्या, १५७७-७८ मधल्या. आकृत्या, पक्षी, फुलदाण्या, सगळं कुंचल्याने रंगवलेलं. चौथा प्रकार! बागेत गेल्यावर पाचव्या चार्ल्सच्या नावाचा छोटा मंडप शोधा, १५४० च्या दशकातला. त्याच्या भिंतींवर आणि बाकांवर आरिस्ताच्या कडा दिसतील. म्हणजे एकाच तिकिटात तीन तंत्रं पाहून झाली. गंमत म्हणजे चालण्याच्या ओघात काळ थोडा पुढे-मागे होतो: १३६४, मग १५७७, मग १५४०. वहीत तारखा टाकत जा म्हणजे गोंधळ होणार नाही.

वरच्या मजल्याचं तिकीट मिळालं असेल तर तिथे इसाबेला राणीच्या प्रार्थनागृहात निकुलोसो पिसानोची १५०४ मधली फरशीची वेदी आहे. रंगवलेली फरशी सेव्हिलमध्ये अवतरली त्या क्षणांपैकी हा एक. वरच्या मजल्याचा वापर आजही राजघराणं करतं, त्यामुळे तिथे वेळ पाळावी लागते आणि सामान बाहेर ठेवावं लागतं.

बाहेर आल्यावर समोर हुआन दे एरेराच्या आराखड्याची जुनी व्यापारपेठ आहे, आता तिथे इंडीजचं, म्हणजे स्पेनच्या जुन्या वसाहतींच्या कागदपत्रांचं अभिलेखागार आहे. फुकट आहे, जिना आणि दालन पाहून पंधरा मिनिटांत बाहेर या.

शनिवार दुपार: कॅथेड्रल आणि हिराल्दा

हे शनिवारीच उरका. रविवारी सकाळी प्रार्थना असतात आणि पर्यटकांना दुपारनंतरच सोडतात. खांदे झाकलेले हवेत.

इथे बाराव्या शतकातली मोठी मशीद होती. तिची जागा घेणारं कॅथेड्रल बांधायचं १४०१ मध्ये ठरलं आणि काम साधारण शंभर वर्षं चाललं. मशिदीचं संत्र्यांचं अंगण आणि मिनार एवढं राहिलं. आत शिरल्यावर पहिली प्रतिक्रिया फक्त आकाराची असते, ती ओसरू द्या. मग मुख्य वेदीमागचं सोनेरी लाकडी कोरीवकाम दुर्बिणीने पाहा. पीटर दान्कार्त या फ्लेमिश शिल्पकाराने ते १४८२ मध्ये सुरू केलं. कोलंबसच्या थडग्याभोवती नेहमी झुंबड असते. चार चोपदारांनी खांद्यावर पेटी घेतलेलं ते शिल्प आर्तुरो मेलिदाचं आहे, क्युबातल्या हवानासाठी बनवलेलं. १८९८ मध्ये स्पेनने क्युबा गमावल्यावर ते इकडे आलं.

माझ्या मते इथलं सर्वांत महत्त्वाचं चित्र एका बाजूच्या खोलीत आहे, पात्रांच्या साक्रिस्तीत, म्हणजे पूजेची पात्रं ठेवण्याच्या दालनात. गोयाने १८१७ मध्ये काढलेल्या संत हुस्ता आणि रुफिना. या दोघी सेव्हिलच्या रक्षक संत, आणि परंपरेप्रमाणे धंद्याने मातीची भांडी विकणाऱ्या. म्हणून त्यांच्या चित्रात भांडी असतात आणि बऱ्याचदा हिराल्दाही असते, कारण भूकंपात मनोरा त्यांनीच सावरून धरला अशी श्रद्धा आहे. ज्या शहराने कुंभारणींना रक्षक मानलं, तिथे मातीचा धागा धरून फिरणं रास्तच आहे. या दोघी तुम्हाला उद्या पुन्हा भेटतील.

संत अँथनीच्या प्रार्थनागृहात मुरिलोचं १६५६ मधलं प्रचंड चित्र आहे. १८७४ मध्ये चोराने त्यातली फक्त संताची आकृती कापून नेली, ती न्यूयॉर्कमध्ये सापडली आणि परत शिवली गेली.

मग हिराल्दा चढा. काम ११८४ मध्ये सुरू झालं, ११९८ मध्ये संपलं. आत पायऱ्या जवळजवळ नाहीतच, ३५ उतरणी आहेत, घोड्यावरून वर जाता यावं म्हणून केलेल्या. त्यामुळे चढाई सोपी आहे. चढताना खिडक्यांमधून भिंतीची जाडी पाहत जा. बाहेरून पाहाल तेव्हा दोन काळ स्पष्ट वेगळे करा: जाळीसारखी विटेची नक्षी आहे तिथपर्यंत मिनार. त्याच्यावरचा घंटाघराचा भाग एर्नान रुइस या वास्तुविशारदाने १५५८ ते १५६८ मध्ये चढवला. एकावर एक दोन धर्मांची बांधणी आहे, तरी प्रमाण कुठे बिघडलेलं नाही. एर्नान रुइसबद्दल मला फार आदर वाटतो. जुनं पाडून नवं उभं करणं त्याला सोपं होतं.

कॅथेड्रलच्या तिकिटातच एल साल्वादोर चर्च येतं. शक्ती उरली असेल तर पाहा, नसेल तर सोडा. चौकात बायका हातात रोझमेरीची काडी देतात आणि मग पैसे मागतात. 'नो, ग्रासियास' म्हणून पुढे चला.

शनिवार संध्याकाळ: प्लाझा दे एस्पान्या

कॅथेड्रलपासून वीस-पंचवीस मिनिटं चालत. ऊन उतरल्यावर जा, प्रवेश फुकट.

हा अर्धवर्तुळाकार चौक १९२९ च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी अनिबाल गोन्झालेसने आखला. काम १९१४ मध्ये सुरू झालं होतं. मधलं कारंजं त्याचं नाही, त्याच्यानंतर काम पाहणाऱ्याने ते घातलं. इथे स्पेनच्या प्रांतांचे ४८ कोनाडे वर्णक्रमाने लावले आहेत. प्रत्येकात इतिहासातला एक प्रसंग फरशीवर रंगवलेला, पायाशी प्रांताचा नकाशा आणि दोन्ही बाजूंना छोटे मातीचे कप्पे. त्या कप्प्यांत त्या प्रांताची पुस्तकं ठेवायची, लोकांनी बाकावर बसून वाचायची, अशी कल्पना होती. लोक बाकावर उभे राहून फोटो काढतात, तुम्ही खाली बसा आणि कप्पे पाहा.

सकाळी शिकलेली परीक्षा इथे घ्या. प्रसंगचित्रं सपाट रंगवलेली आहेत, पण बाकांच्या पाठी आणि कडा पाहिल्यात तर आरिस्ताही सापडेल. नदीपलीकडच्या त्रियाना या कुंभारवस्तीतल्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जुनी तंत्रं पुन्हा हाती घेतली, ती या चौकामुळे बरीच जगली.

रविवार: पिलातोसपासून त्रियानापर्यंत

रविवारी बरीचशी संग्रहालयं दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात. म्हणून सकाळी लवकर सुरुवात करा, जेवण नंतर.

कासा दे पिलातोस हा सरदारी वाडा. इथल्या भिंती १५३० च्या दशकात पुलिदो बंधूंनी भरल्या, सुमारे दीडशे वेगवेगळ्या नक्षींनी. सगळं आरिस्ता. अल्काझारइतकी गर्दी नसते, त्यामुळे भिंतीला नाक लावून उभं राहता येतं. मुख्य अंगणात एक फरशी निवडा आणि तीन गोष्टी शोधा. पहिली, कडा ओलांडून सांडलेला रंग: हिरवा किंवा मधाळ तपकिरी शेजारच्या पांढऱ्यात ओघळलेला सापडतोच. दुसरी, झिलईवर त्रिकोणात उमटलेले तीन बारीक ठिपके. भट्टीत फरशा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे मातीची तिपाई ठेवत, तिच्या पायांचे ते व्रण. तिसरी, नक्षीचा सगळ्यात लहान पूर्ण तुकडा: बहुतेक वेळा चार फरशा जुळल्यावरच एक फूल पुरं होतं, म्हणजे एकाच साच्यातली फरशी चार वेळा फिरवून लावलेली. हे कळलं की दीडशे नक्षींचा बोजा वाटत नाही, खेळ सुरू होतो. जिन्यातही फरशी आहे, तो चुकवू नका.

तिथून दहा मिनिटांवर सांता पाउला मठ. दार उघडं असेल तर आतल्या अंगणातून चर्चच्या दारावर नजर टाका. १५०४ च्या या दारावर निकुलोसो पिसानोच्या फरशा आहेत आणि शिल्पं पेद्रो मिलान याची. अल्काझारच्या वरच्या मजल्याचं तिकीट हुकलं असेल तर निकुलोसो इथे भेटतो. मठातल्या जोगिणी मुरांबे विकतात. कडू संत्र्याचा घ्या. रस्त्यावरची संत्री मात्र तोडून खाऊ नका, ती कडू जातीचीच आहेत.

पश्चिमेकडे चालत निघालात की एन्कार्नासिऑन चौकात 'लास सेतास' हा लाकडी मांडव लागतो, युर्गन मायरचा, २०११ मधला. सावलीत दोन मिनिटं थांबा, वर जाण्याचे पैसे मी वाचवेन. तळघरातले रोमन अवशेष मात्र वेळ असेल तर बघण्यासारखे आहेत.

पुढे ललित कला संग्रहालय. युरोपीय संघाच्या नागरिकांना मोफत, आपल्याला नाममात्र शुल्क. रविवारी सकाळी समोरच्या चौकात स्थानिक चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. इमारत जुन्या मठाची आहे आणि तिच्या अंगणांच्या भिंतींवर बंद पडलेल्या मठांतून आणलेल्या फरशा लावल्या आहेत. एवढं सगळं पाहायला जाऊ नका. तीन गोष्टी पाहा. तोरिजियानोचा पश्चात्ताप करणारा संत जेरोम: हाच तो इटालियन, ज्याने तरुणपणी मायकेलँजेलोचं नाक फोडलं. हा पुतळा भाजलेल्या मातीचा आहे. मांडीवरच्या शिरा आणि सैल पडलेली कातडी पाहा, मातीकडून एवढं करून घेता येतं. मग जुन्या चर्चमध्ये मांडलेली मुरिलोची चित्रं, त्यात हुस्ता आणि रुफिना पुन्हा, पायाशी सेव्हिलची भांडी, हातात हिराल्दा. कालच्या गोयाशी तुलना करा: मुरिलोच्या मुली शेजारच्या गल्लीतल्या वाटतात. शेवटी चित्रकार झुर्बारान, त्याचा १६३१ मधला संत थॉमस अक्वायनस आणि पांढरी वस्त्रं घातलेले साधू. पांढऱ्या कापडात किती रंग असतात ते इथे दिसतं.

तिथून नदीकडे उतरा आणि १८५२ चा लोखंडी पूल ओलांडून त्रियानात या. शहराच्या कुंभारांची ही वस्ती. जुन्या सांता आना कारखान्यात आता मातीकामाचं संग्रहालय आहे. आत विटेच्या जुन्या भट्ट्या, रंग दळायची जाती, साचे, सगळं जागच्या जागी. हे शेवटी ठेवायचं कारण एवढंच, की दोन दिवस तयार फरशी पाहिल्यावर भट्टीच्या तोंडाशी उभं राहिलं की ओघळलेल्या हिरव्याचा आणि तीन ठिपक्यांचा उलगडा होतो.

खाणं-पिणं

दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघरं बंद असतात, पिशवीत काहीतरी ठेवा. शाकाहारी असाल तर 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस', म्हणजे जिरं घातलेली पालक-छोल्यांची भाजी, ही सेव्हिलची खासियत. घरची आठवण येईल अशी चव आहे. 'तोर्तिया दे पातातास'मध्ये अंडं असतं. 'साल्मोरेखो' या गार टोमॅटो सारावर हॅमचे तुकडे आणि अंडं घालतात, 'सिन हामोन, सिन उएवो' असं आधीच सांगा. 'मांस नको' एवढं म्हटलं तर हॅम चालेल असं समजणारे वेटर भेटतात. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटली भरून घ्या.

परतण्याआधी

त्रियानातल्या दुकानांतून एखादी फरशी घ्यावीशी वाटेल. मागची बाजू उलटून पाहा: छापील आणि हाताने रंगवलेल्यातला फरक विचारलात तर दुकानदार खुशीने दाखवतात. जुनी म्हणून सुटी विकली जाणारी फरशी घेऊ नका, ती कोणत्या भिंतीवरून उखडली असेल सांगता येत नाही. एक फरशी चांगलीच जड भरते, ती कपड्यांत गुंडाळून हातसामानात ठेवा आणि स्वस्त विमान कंपन्यांची वजन-मापाची अट आधी तपासा.

पूल ओलांडून प्लाझा दे आर्मासपर्यंत चालत जाता येतं, तिथूनच विमानतळाची बस सुटते. युरोपीय संघाबाहेरचा पासपोर्ट असणाऱ्यांची कागदपत्रं काही कंपन्या काउंटरवर तपासून शिक्का देतात. तुमच्या तिकिटावर तशी सूचना असेल तर फाटकावर जाण्याआधी ते उरका, रविवारी संध्याकाळी त्या रांगेला वेळ लागतो.